‘लिहू नकोस’ म्हणणारे शहाणे

जालन्याला जुने लोक ‘सोन्याचा पाळणा’ म्हणत. त्या पाळण्यात आज फुकट मिळेल अशी वस्तू फारशी उरलेली नाही. उन्हाळ्यात प्यायचे पाणीसुद्धा टँकरवाल्याकडून विकत घ्यावे लागते. एक गोष्ट मात्र पारावर, रसवंतीच्या बाकड्यावर आणि तहसीलीबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात अजूनही हवी तितकी फुकट मिळते. ती म्हणजे सल्ला. आणि या फुकट सल्ल्यांत एक सल्ला असा आहे की, त्याच्याइतका महाग पडणारा सल्ला साऱ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. सैन्यभरतीत उतरलेला पोरगा कागद भरायला बसतो. ‘तुमच्यावर कधी खटला झाला आहे काय?’ या रकान्याशी त्याचे पेन थांबते. तो मान वर करून आजूबाजूला पाहतो. आणि भोवती जमलेले चार शहाणे एका सुरात सांगतात, ‘लिहू नकोस!’

या शहाण्यांशी आज मला भांडायचे आहे. भांडण घरचेच आहे, कारण त्या चौघांत एकदा मीही होतो. ते पुढे सांगेन.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतले रस्ते ज्यांनी पहाटे पाचला पाहिलेले नाहीत, त्यांना हा प्रश्न एका रकान्याचा वाटेल. त्या वेळी त्या रस्त्यांवर पोरे धावत असतात. कोणाच्या पायात बूट असतात, कोणाच्या नसतात. पुढे एखादा मोटारसायकलवर बसून घड्याळ धरतो आणि मागे पंधरा-वीस जण सोळाशे मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत बसवू पाहतात. घरी दोन-अडीच एकर कोरडवाहू, त्यात कापूस नाहीतर सोयाबीन. ज्यांच्याकडे मोसंबीची बाग होती त्यांच्यापैकी कितीकांची २०१२-१३ च्या दुष्काळात सरपण होऊन गेली. अशा घरातून जो धावायला निघतो तो देशभक्तीने निघत नाही असे मी म्हणणार नाही. पण एकट्या देशभक्तीनेही कोणी पहाटे चारला उठत नाही. कोविडच्या काळात दोन वर्षांवर भरतीचे मेळावेच झाले नाहीत आणि पुष्कळांची वये निघून गेली. नंतर १४ जून २०२२ रोजी ‘अग्निपथ’ आले. नोकरी चार वर्षांची, आणि त्यानंतर शंभरातले फार तर पंचवीस कायम. तरी रस्ते ओस पडले नाहीत. चार वर्षांच्या नोकरीसाठी चार वर्षे धावणारी मुले मी पाहिली आहेत.

आता तो कागद पाहा. केंद्र सरकारच्या नोकरीचा जो साक्षांकन नमुना आहे, त्यात हा प्रश्न एकदा विचारून थांबत नाहीत. तुम्हाला कधी अटक झाली होती काय? तुमच्यावर कधी खटला भरला गेला काय? तुम्हाला कधी स्थानबद्ध केले होते काय? तुमच्याकडून कधी मुचलका लिहून घेतला काय? न्यायालयाने तुम्हाला कधी दंड केला काय? कधी दोषी ठरवले काय? या घडीला एखादे प्रकरण प्रलंबित आहे काय? लष्कराच्या भरतीपत्रकातला प्रश्नही याच वळणाचा असतो. आणि नमुन्याच्या माथ्यावर ताकीद छापलेली असते की, खोटी माहिती देणे किंवा खरी माहिती दडवणे हीच अपात्रता समजली जाईल. सगळी खोच ‘कधी’ या दोन अक्षरांत आहे. गुन्हा सिद्ध झाला की नाही, मिटला की नाही, याची चौकशी तो शब्द करीत नाही. घडले होते काय, एवढेच तो विचारतो. आमचे शहाणे नेमकी तीच दोन अक्षरे गाळून प्रश्न वाचतात.

पण आमच्या पोरांवर गुन्हे असतात तरी कसले? शहरातल्या वाचकाला ‘गुन्हा’ म्हटले की दरोडा आठवतो. आमच्याकडे गुन्ह्याचे मूळ बहुधा धुऱ्यात असते. नांगराचे एक तास इकडे गेले की तिकडे, यावरून दोन भावकींत हातघाई होते. ठाण्यात फिर्याद जाते आणि ३२३, ५०४, ५०६ अशी कलमे लागतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलले, पण गावाच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत. पोरांना ते पाढ्यांसारखे पाठ असतात. फिर्यादीत नावे सांगताना फिर्यादी ज्याने काठी उचलली त्याच्यावर थांबत नाही. त्या घरात भरतीची तयारी करणारा जो पोरगा असेल त्याचे नाव तो आधी सांगतो. पोरगा त्या वेळी शेतात होता की शहरातल्या अकादमीत, याला महत्त्व नसते. ‘जमीन गेली तर गेली, त्याच्या पोराची भरती मारतो,’ हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेले आहे. शेजाऱ्याचे पीक कापून नेण्यापेक्षा त्याच्या पोराच्या चारित्र्यावर एक कागद चिकटवणे सोपे आणि स्वस्त, हे आमच्या गावांना पुरते उमगले आहे.

दुसरा प्रकार पोळ्याचा. देवळामागे तिरट रंगते, पोलिसांची धाड पडते, खेळणारे पळतात आणि पाहणारे सापडतात. मग जुगारप्रतिबंधक कायद्याखाली खटला. तिसरा प्रकार सार्वजनिक ठिकाणी आरडाओरड केल्याचा, म्हणजे पोलीस कायद्याचे ११०-११७. वरातीत नाचणाऱ्या पोरावर तो सहज बसतो. आणि २०२० च्या टाळेबंदीत कलम १८८ खाली जे गुन्हे नोंदले गेले त्यांची तर गोष्टच नको; दूध घालायला निघालेलासुद्धा त्यात सापडला.

या किरकोळ खटल्यांत एक खड्डा आहे, आणि त्यात पडलेल्याला आपण पडलो हे दोन-तीन वर्षांनी कळते. पोरगा तारखेला जातो. वकील नाहीतर तिथेच घुटमळणारा कोणी जाणता माणूस सांगतो, ‘कशाला तारखा करतोस? कबूल म्हण, दोनशे रुपये भर, मोकळा हो.’ पोरगा कबूल म्हणतो, दंड भरतो, पावती खिशात घालतो आणि बसथांब्यावर येऊन खरोखरच मोकळा झाल्यासारखा उसाचा रस पितो. वास्तविक त्या दिवशी तो दोषी ठरलेला असतो. दोनशे रुपयांत त्याने आपल्या नावापुढे शिक्षा विकत घेतलेली असते. प्रोबेशनचा कायदा १९५८ सालचा. योग्य प्रकरणात समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडून देण्याची वाट त्यात आहे, आणि तसे सोडल्यास शिक्षेबरोबर येणारी अपात्रता लागू नये असे त्याचे बारावे कलम सांगते. पण ती वाट मागायची असते, आणि उसाचा रस प्यायला निघालेल्या पोराला ती मागायला सांगणार कोण?

आता माझी गोष्ट.

मी एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे शिकवले. भरतीला जाणाऱ्या पोराला सरपंचाचा आणि शाळेचा चारित्र्याचा दाखला लागतो, म्हणून पोरे माझ्याकडे येत, आणि दाखल्याबरोबर बाकीचे कागदही भरून घेत. २०१८ साली असाच एक माजी विद्यार्थी आला. वय वीस. धावण्यात पहिल्या गटात, वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण, लेखीत उत्तीर्ण. आदल्या वर्षी धुऱ्याच्या भांडणात बापाबरोबर याचेही नाव फिर्यादीत आले होते. पुढे दोन्ही भावकी बसल्या, लोकन्यायालयात प्रकरण आपसात मिटले. मला त्याने विचारले, ‘गुरुजी, मिटलेली केस लिहायची का?’ मी चष्मा पुसत म्हणालो, ‘मिटली ना? मग लिहू नकोस. उगाच डोळ्यावर येईल.’ मला यात काही विशेष वाटले नाही. पोराचे भले करतो आहे, अशीच माझी समजूत होती.

पडताळणीचा कागद ठाण्यातून फिरून आला तेव्हा तो प्रशिक्षणाला पोचला होता. महिन्याभरात परत आला. गावात उतरला तो रात्री उतरला, म्हणजे कोणी पाहू नये. त्याला परत पाठवण्याचे कारण काय दाखवले होते? मारामारी नव्हे. खोटे बोलला हे कारण होते. मारामारी तो मुळात केलाच नव्हता. आणि जी केली असे म्हणत होते ती कायद्याने मिटली होती, आणि आपसात मिटलेल्या अशा खटल्याचा परिणाम निर्दोष सुटण्याइतकाच असतो. म्हणजे जे त्याने केले नाही त्याचा डाग धुतला गेला होता, आणि जो डाग राहिला तो माझ्या सल्ल्याचा.

याहून लाजिरवाणी बाब ही की, मी सल्ला दिला त्याच्या दोन वर्षे आधी, २१ जुलै २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात याच प्रश्नाचा निवाडा केला होता. मला त्याचा पत्ताही नव्हता. तो निकाल काय म्हणतो ते साध्या भाषेत सांगतो, कारण गावोगावच्या अकादम्यांत भिंतीवर लावायला हवा तो हाच कागद. त्याच्या जागी पिळदार दंडांची चित्रे लावलेली असतात. निकाल म्हणतो: माहिती खरी द्या. तरुण वयात घोषणा दिल्या, असला काही किरकोळ गुन्हा असेल आणि तो सांगितला असता तरी माणूस त्या जागेला अपात्र ठरला नसता, तर तो दडवल्याची चूकही नेमणूक करणारा माफ करू शकतो. किरकोळ खटला चालू आहे असे उमेदवाराने प्रामाणिकपणे लिहिले, तर खटल्याच्या निकालाच्या अधीन राहून त्याला नेमता येते. प्रश्न नेमका विचारलेला असला पाहिजे. मोघम प्रश्नाच्या उत्तरावरून कोणाला खोटा ठरवता येणार नाही. आणि ज्याला आपल्यावर गुन्हा आहे हेच ठाऊक नव्हते, त्याने तो दडवला असे म्हणता येणार नाही.

शहाणे येथे मला अडवतील, आणि त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही. ते म्हणतील, ‘गुरुजी, कोर्टाचे राहू द्या. खरे लिहिणाऱ्याला तरी कोण घेतो? लिहिले तर आज जाईल, न लिहिले तर कदाचित टिकेल. पोरगा कोणता डाव खेळेल?’ या म्हणण्यात तथ्य आहे. त्याच निकालात असेही आहे की, उमेदवाराने सगळे खरे सांगितले तरी त्याची पार्श्वभूमी तोलण्याचा हक्क नेमणूक करणाऱ्याकडे राहतो. नेमाच, अशी सक्ती त्याच्यावर नाही. खरे लिहिणाऱ्यालाही नाकारले जाते, हे मी जाणतो. पण शहाण्यांच्या हिशेबात दोन मोठ्या चुका आहेत.

पहिली चूक ‘कदाचित टिकेल’ ही. ती समजूत जुन्या काळची आहे. तेव्हा पडताळणी म्हणजे पोलीस पाटलाचा शब्द आणि हवालदाराचा चहा. आता ठाण्याठाण्यांतली नोंद संगणकाच्या जाळ्यात आहे, आणि नाजूक प्रकरणे सोडून बाकीच्या प्रथम खबरी चोवीस तासांत संकेतस्थळावर चढवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ सालीच दिला आहे. ज्या गोष्टीची नोंद सरकारच्याच पेटीत आहे, ती सरकारपासून लपवण्याचा सल्ला देणाऱ्याला शहाणा म्हणावे की काय म्हणावे? शिवाय लष्कराचा कायदा आहे. आर्मी ॲक्ट, १९५० च्या ४४ व्या कलमाखाली भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे सिद्ध झाल्यास लष्करी न्यायालय पाच वर्षांपर्यंत कैद सुनावू शकते. ज्या धुऱ्याच्या भांडणात पाच दिवसही कोठडी झाली नसती, ते लपवण्याच्या पायी पाच वर्षांची टांगती तलवार डोक्यावर घ्यायची!

दुसरी चूक अधिक खोल आहे. खरे लिहून नाकारला गेलेला पोरगा एका जागेला मुकतो. त्याला भांडायला कागद असतो, पुढच्या अर्जाला तोंड असते. खोटे लिहून पकडला गेलेला पोरगा स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करतो, आणि तो पुरावा पोलीस भरतीत, रेल्वेत, सगळीकडे त्याच्या आधी जाऊन बसतो. न्यायालयांचे धोरणही येथे एकसारखे नाही. २०११ साली दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयातल्या चुकांकडे मोठ्या मनाने पाहावे असे म्हटले आणि व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, पावासाठी चोर ठरलेल्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली. २०२२ साली केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने माहिती दडवणाऱ्यांना काढून टाकणे योग्य ठरवले. २०२४ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या एका शिपायाला न्यायालयाने परत घ्यायला लावले. पण त्याची निवड रद्द झाली होती २००५ साली! एकोणीस वर्षे. आमच्या पोराला भरतीसाठी मिळतात साडेसतरा ते एकवीस अशी साडेतीन वर्षे. तेव्हा ‘खोटे लिही, पुढे कोर्टात पाहू’ हा डाव तरुणाने खेळायचा आणि निकाल प्रौढाने ऐकायचा.

शहाण्यांचा समाचार येथवर घेतला. पण एवढ्यावर थांबलो तर तो शुद्ध ढोंगीपणा होईल. कारण या पोरांना खोटे बोलायला शिकवणारे पारावरचे चार जणच नाहीत. त्यांच्याहून मोठे गुरू वर बसलेले आहेत.

१९ जून २०२२ रोजी, अग्निपथाविरुद्ध देशभर जाळपोळ चालू असताना, लष्करी व्यवहार विभागाचे लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी पत्रकारांना सांगितले की, आपण निदर्शनांत वा तोडफोडीत नव्हतो असे प्रत्येक उमेदवाराला लिहून द्यावे लागेल, आणि ज्याच्यावर एफआयआर असेल त्याला सैन्यात येता येणार नाही. आगगाड्या जाळणाऱ्याला बंदूक देऊ नये, याबद्दल माझे दुमत नाही. सैन्य म्हणजे शिस्त. पण एफआयआर म्हणजे काय? कोणीतरी ठाण्यात जाऊन सांगितलेली हकीकत. ती खरी की खोटी हे अजून ठरायचे असते. ‘एफआयआर असेल तर नाही’ असे सरसकट म्हणणे म्हणजे ज्या भावकीने पोराचे नाव मुद्दाम घुसवले तिच्या हातात भरती कार्यालयाची किल्ली देणे होय. लष्कराला हे कळत नसेल असे मी मानत नाही. तेथले पुष्कळ जवान आणि सुभेदार असल्याच धुऱ्यांच्या गावांतून गेलेले आहेत.

आणि दुसरे गुरू म्हणजे आमचे पुढारी. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण चालू असताना लाठीमार झाला, आणि जिल्हा पेटला. पुढे जून २०२४ मध्ये त्याच तालुक्यात वडीगोद्रीला ओबीसींच्या बाजूने लक्ष्मण हाके यांचे उपोषण झाले. आरक्षणाच्या प्रश्नावरचे माझे मत येथे गैरलागू आहे. मला एवढेच दिसते की, रस्त्यावर बसलेली पोरे या बाजूची असोत की त्या बाजूची, पहाटे धावणारीच होती. सप्टेंबर २०२३ मधल्या लाठीमाराबद्दल सरकारने माफी मागितली. आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेऊ असे तेव्हा सांगितले गेले, जानेवारी २०२४ मध्ये वाशीला पुन्हा सांगितले गेले. टाळेबंदीतले १८८ चे गुन्हे मागे घेण्याची घोषणा २०२२ साली अशीच झाली होती. टाळ्या वाजल्या, फटाके उडाले.

पण गुन्हा ‘मागे घेणे’ म्हणजे काय, हे व्यासपीठावरून कोणी सांगितले काय? मंत्र्याच्या तोंडून शब्द निघाला की खटला हवेत विरत नाही. सरकारी वकिलाने स्वतः विचार करून न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने त्याला संमती द्यावी लागते; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते ३२१ वे कलम, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३६० वे. घोषणा आणि संमती यांच्या मध्ये महिने जातात, वर्षे जातात. आणि समजा, खटला खरोखरच मागे घेतला. तरी ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर काय? ‘होय’ हेच. सभेतल्या घोषणेवर विसंबून पोरगा ‘नाही’ लिहितो, आणि त्या ‘नाही’वर त्याची नोकरी जाते. ज्याच्या जिवावर सभा भरली तो घरी बसतो. ज्याने घोषणा केली तो पुढच्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात आपल्यावरचे सगळे गुन्हे कलमवार लिहितो आणि निवडूनही येतो. दोन वर्षांची शिक्षा होईपर्यंत त्याचे आसन हलत नाही. त्याला खरे लिहिण्याची भीती वाटत नाही, कारण खरे लिहिल्याने त्याचे काही जात नाही. म्हणजे आमच्या देशात खरे लिहिण्याची मुभा कायदे करणाऱ्याला आहे, आणि त्याच्या बंगल्याबाहेर पहारा करू पाहणाऱ्याला नाही!

या मराठवाड्यात निजामाच्या तुरुंगात गेल्याची नोंद हा घराण्याचा दागिना होता. स्वामी रामानंद तीर्थांसकट कितीकांनी ती कैद भोगली. पुढे सरकारने त्यांच्या गळ्यात हार घातले, निवृत्तिवेतन दिले. रास्ता रोकोत बसलेला पोरगा स्वातंत्र्यसैनिक आहे असे मी म्हणत नाही. तशी बरोबरी करणे हा त्या माणसांचा अपमान होईल. पण त्यांच्या नातवंडांना ‘ठाण्यात नाव आहे’ एवढ्याच कारणाने कायमचे बाद करताना, ठाण्यातली प्रत्येक नोंद चारित्र्याचीच नसते एवढे तरी या प्रदेशाने विसरू नये.

बाहेर पाहिले तर हा पेच सुटणारा आहे असे दिसते. इंग्लंडने १९७४ साली कायदा करून ठरवले की, लहान शिक्षेनंतर ठरावीक मुदत नीट गेली की ती शिक्षा ‘खर्ची पडली’ असे समजावे आणि बहुतेक नोकऱ्यांत ती सांगण्याचे बंधन राहू नये. अमेरिकेचे सैन्य उलट बाजूने जाते. तेथे किरकोळ गुन्हेसुद्धा सांगावे लागतात, पण सांगितल्यावर सूट देण्याची रीतसर पद्धत आहे, आणि इराकच्या युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा ती सूट चांगली सढळ झाली होती. एक देश म्हणतो, जुने सांगू नका. दुसरा म्हणतो, सगळे सांगा, आम्ही तोलून पाहू. आम्ही म्हणतो, सगळे सांगा, आणि तोलण्याची खात्री देत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मात्र आमचा २०१५ चा बाल न्याय कायदा शहाणा आहे. त्या वयातल्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता येऊ नये असे तो बहुतांशी सांगतो, आणि २०१९ साली केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या एका उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाने त्याच तत्त्वावर न्याय दिला. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर उभा राहिलेल्याला मात्र असा आडोसा नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. भरतीच्या अधिसूचनेत धावण्याचे सेकंद आणि छातीचे सेंटिमीटर छापतात, तसे एवढेही छापावे की, अमुक-अमुक किरकोळ गुन्हे खरे सांगितल्यास त्यांवरून कोणी बाद होणार नाही, आणि बाकीचे अमुक रीतीने तपासले जातील. तो प्रश्न मराठीत, उदाहरणांसह विचारावा. ‘प्रॉसिक्यूटेड’ म्हणजे काय हे बारावी झालेल्या पोराने अंदाजाने ठरवावे, ही चारित्र्याची परीक्षा नव्हे, शब्दकोशाची आहे. दंड घेऊन मोकळे करताना न्यायालयात एक वाक्य मोठ्याने सांगावे: ‘ही शिक्षा आहे, पुढे विचारतील तेव्हा सांगावी लागेल.’ आणि गावातल्या अकादमीवाल्यांनी धावणे शिकवण्याआधी पोराला ठाण्यात आणि न्यायालयात पाठवून आपल्या नावावर काय आहे त्याच्या नकला आणायला लावाव्यात. फी तर ते वर्षाची आगाऊ घेतातच.

त्या माजी विद्यार्थ्याचे आता सत्तावीस वय आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळया भरून तो ट्रक चालवतो. माझ्यावर तो कधी रागावला नाही, आणि ते मला अधिक जड जाते. गेल्या महिन्यात तो आपल्या चुलतभावाला घेऊन माझ्याकडे आला. त्या भावाचे नाव २०२३ च्या रास्ता रोकोत आलेले. वय साडेवीस, म्हणजे हातात एखादीच भरती उरलेली. ‘गुन्हे मागे घेतलेत ना गुरुजी, मग काय लिहायचे?’ असे तो विचारत होता, आणि थोरला काही न बोलता माझ्याकडे पाहत होता.

आम्ही तिघे तालुक्याच्या न्यायालयात गेलो. दोन खिडक्या हिंडून कळले, खटला अजून उभा आहे. नकलेसाठी अर्ज केला, शिक्का लावला. कारकून म्हणाला, सोमवारी या. सोमवारी नक्कल मिळाली की तिच्यावरून त्या रकान्यात कलम, ठाणे, तारीख आणि ‘प्रलंबित’ एवढे चार शब्द लिहायचे ठरले आहे. त्याच्या मामाचा काल फोन आला होता. ‘गुरुजी, पोराचे वाटोळे करू नका, लिहू नका म्हणावे त्याला.’ त्यालाही सोमवारी न्यायालयात बोलावले आहे.